दोन रोलरची मॉल्ट मिल: नॉबवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका

घरी बिअर करायला लागणारं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेकदा बार्ली) भरडायची ही मिल घेऊन सव्वा वर्ष झालं, वीसेक ब्रू, म्हणजे बिअरचे घाणे, तरी हिच्यावर झाले असतील, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच, आता डोकं थंड झाल्यावर चारावर येऊन थांबलोय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या ढाच्याच्या सगळ्या हातमिली एकमेकींच्या सख्ख्या बहिणीच असतात. दोन स्टीलचे रोलर, त्यावर दाणा पकडायला खरखरीत नक्षी, वर दाणे ओतायचा पत्र्याचा हॉपर, खाली बादलीवर ठेवायची फळी, एका बाजूला हँडल आणि दोन्ही टोकांना रोलरमधली फट, म्हणजे गॅप, कमीजास्त करायचे नॉब. झालं, एवढंच यंत्र. बिघडण्यासारखं काही नाही असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आधी घेतली का ते सांगतो. मी सुरुवातीपासून भरडलेलंच मॉल्ट आणायचो, कोण कटकट करणार म्हणून. रेसिपी तीच, ५ किलो बेस (मुख्य) मॉल्ट, शेवटी २० लिटर वॉर्ट (मॉल्टचं गोड पाणी, त्याचीच पुढे बिअर होते), आणि ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वॉर्टची घनता, साखर जास्त तर आकडा जास्त) मात्र प्रत्येक वेळी वेगळी, एकदा १.०४६, पुढच्या वेळी १.०५१, मग एकदम १.०४४. थर्मामीटर बदलला, पाणी बदललं, पीएच बघायला लागलो, मॅश, म्हणजे भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं, साठ मिनिटांचा नव्वद केला (त्याने थोडा फरक पडला, तेव्हाच खरं म्हणजे ट्यूब पेटायला हवी होती), ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर साध्या पाण्यात बुडवून १.००० दाखवतोय का तेही बघितलं. म्हणजे स्वतःला सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग एकदा सहज म्हणून भरडलेलं १०० ग्रॅम मॉल्ट पांढऱ्या ताटात पसरलं आणि अख्खे दाणे वेचत बसलो. ९ ग्रॅम निघाले! अख्खे, धडधाकट, ओरखडाही नसलेले. हे दाणे तासभर गरम पाण्यात आंघोळ करून जसेच्या तसे बाहेर येणार आणि मी त्यांची साखर हिशोबात धरून बसलेलो.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बार्लीच्या दाण्यात आत पांढरा ठिसूळ गाभा असतो, सगळा स्टार्च तिथे. मॅशमध्ये त्या स्टार्चची साखर करायचं काम एन्झाइम करतात पण त्याआधी पाणी आत पोचून स्टार्च फुगायला लागतो, बार्लीचा साधारण ६० ते ६५ अंशाला फुगतो. बारीक कणात पाणी मिनिटांत जातं, मोठ्या तुकड्यात वेळ लागतो आणि अख्ख्या दाण्यात तुमचा मॅश संपेपर्यंत पुरतं पोचतच नाही. मग म्हणाल सरळ मिक्सरमध्ये पीठच करून टाकू. तर तिथे टरफल आडवं येतं. टरफलं शाबूत असतील तर तीच तळाशी थर करून गाळणीचं काम करतात, त्यांचा चुरा झाला की पाणी खाली उतरायचं नावच घेत नाही. म्हणजे आतला गाभा भरडला गेला पाहिजे आणि बाहेरचं कवच एका तुकड्यात राहिलं पाहिजे, अशा दोन उलट्या मागण्या एकाच दाण्याकडून. म्हणून रोलर लागतात. रोलर दाणा दाबून फोडतात, कवच चपटं होतं, उघडतं, पण फाटून त्याचा भुगा होत नाही. जात्यासारख्या दोन तबकड्यांच्या मिल पण मिळतात, त्या दाणा रगडतात. त्यांनीही काम होतं पण सेटिंग फार जपून करावं लागतं आणि टरफलांची जरा वाटच लागते.

आता मिलकडे येतो. खोक्यातून काढल्यावर रोलरवर तेलाचा हात असतो, गंज लागू नये म्हणून. ते नुसतं फडक्याने पुसून जात नाही, नक्षीच्या खाचांमध्ये बसलेलं असतं. वाटीभर स्वस्तातलं मॉल्ट टाकून फिरवायचं आणि फेकून द्यायचं, परत एकदा तसंच करायचं. रोलर पाण्याने धुवायचा विचारही मनात आणू नका, साध्या स्टीलचे असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिसतील. मी एका कडेला ओला हात लावला होता एकदाच, ते बोट अजून तिथे छापलेलं आहे.

आणि आता मुख्य तक्रार. नॉबवर आकडे कोरलेत, फॅक्टरीतून १.० वर सेट करून येते असं कागदावर लिहिलंय. मी भाबडा, तसंच वापरलं. ग्रॅव्हिटी आली १.०४६. म्हणजे एवढा खटाटोप करून जिथे होतो तिथेच. त्या दिवशी दोन स्टारचा रिव्ह्यू जवळजवळ लिहिलाच होता. मग एका ब्रू करणाऱ्या मित्राने विचारलं, फीलर गेजने मोजलंस का? फीलर गेज म्हणजे मेकॅनिक लोक वापरतात ती पातळ पात्यांची जुडी, प्रत्येक पात्यावर जाडी लिहिलेली असते. मोजलं तर एका टोकाला १.२५ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला १.१५!! म्हणजे नॉबवरचा आकडा तर खोटाच, वर रोलर एकमेकांना समांतर पण नाहीत. या एका गोष्टीसाठी मी एक स्टार कापलाय आणि तो परत देणार नाही. गेज नसेल तर जुनं बँकेचं कार्ड घ्या, जगभर कार्डाची जाडी ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. फक्त त्याच्यावरची उठावदार अक्षरं नसलेली कड वापरा. कार्ड दोन्ही टोकांना सारखंच अडकत सरकलं की रोलर समांतर आहेत आणि गॅप पाऊणच्या आसपास आहे, तिथून थोडं सैल करत जायचं.

गॅप मोजताना अजून एक, रोलर अगदी अचूक गोल नसतात, हँडल पाव पाव फेरा फिरवून तीन चार ठिकाणी मोजा. माझ्यात एका जागी ०.०५ चा फरक येतो, तेवढं चालतं.

मी ०.९ वर आणलं. ताटातला प्रयोग परत केला. अख्खा दाणा जवळपास नाहीच, बहुतेक दाण्यांचे तीन चार रवाळ तुकडे, टरफलं होडीसारखी उघडलेली पण एकसंध, आणि तळाला थोडंसं पीठ. पीठ दिसलं की घाबरू नका, थोडं असायलाच हवं. त्या ब्रूची ग्रॅव्हिटी १.०५४.

हिशोब करून बघा म्हणजे हा फरक किती ते कळेल. चांगल्या बेस मॉल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त साधारण ३०० पॉइंट (१.०४६ म्हणजे ४६ पॉइंट) मिळू शकतात, म्हणजे एक किलोतलं सगळंच्या सगळं एका लिटरमध्ये उतरलं तर तेवढी ग्रॅव्हिटी. ५ किलोचे १५००. २० लिटर १.०४६ ने म्हणजे ४६ गुणिले २०, ९२० पॉइंट, एफिशियन्सी (मिळू शकणाऱ्यातलं प्रत्यक्षात किती मिळालं) ६१ टक्के. १.०५४ ने १०८०, म्हणजे ७२ टक्के. पाणी तेच, भांडं तेच, ब्रू करणारा येडा पण तोच, फक्त ०.३ मिलिमीटरचा खेळ.

पण थांबा, इथे बरेच जण घाई करतात आणि मीही केली होती. एफिशियन्सी कमी आली की गॅप आवळा, परत कमी आली की अजून आवळा. असं नसतं. भरड सुधारली की फक्त स्टार्चचं रूपांतर सुधारतं. झालेली साखर तुम्ही धुवून बाहेर किती काढता, भांड्याच्या तळाशी किती वॉर्ट सोडून देता, पाइपात किती राहतो, हे मिलला विचारायचं नाही. दोष नक्की कुठे आहे ते बघायची सोपी युक्ती म्हणजे स्पार्जचं, म्हणजे दाण्यांत अडकलेली साखर धुवायचं, पाणी घालायच्या आधी पहिल्या वॉर्टची ग्रॅव्हिटी घ्यायची (मॅश नीट ढवळून आणि नमुना थंड करून, गरम वॉर्टमध्ये हायड्रोमीटर बुडवून काहीतरी आकडा सांगू नका प्लीज). किलोला ३ लिटर पाणी असेल आणि सगळा स्टार्च रूपांतरित झाला असेल तर पहिला वॉर्ट १.०८५ च्या आसपास यायला हवा, किलोला ४ लिटर असेल तर १.०६६ च्या आसपास. माझा जुन्या भरडीवर १.०७० यायचा, म्हणजे रूपांतरच ऐंशी टक्क्यांच्या आत अडकलेलं. आता १.०८० येतो, नव्वदच्या वर. तुमचा पहिला वॉर्ट आधीपासूनच तिथे असेल आणि तरी शेवटी एफिशियन्सी पडत असेल तर नवीन मिल घेऊन काहीही होणार नाही, स्पार्जकडे बघा.

मला हे कळायच्या आधीचा किस्सा सांगतो, लाज वाटते पण सांगतो. ०.९ ला ७२ आले म्हटल्यावर हाव सुटली. ०.६ केलं. वर त्या रेसिपीत निम्मा गहू होता. गव्हाच्या मॉल्टला टरफल नसतंच, म्हणजे गाळणीचा माल आधीच निम्मा, आणि उरलेल्या निम्म्याचा मी चुरा केलेला. हँडल फिरवतानाच जाणवत होतं की खाली भरड नाही, पीठ पडतंय, हात भरून आले, पण वाटलं वा काय बारीक येतंय. मॅशमध्ये पाणी घातलं तर गोळे, बाहेरून ओले आणि फोडले की आत कोरडं पीठ. ते फोडण्यात तापमान चार अंश उतरलं. मग नळ उघडला, ग्लासभर वॉर्ट आला, त्याची धार झाली, धारेचे थेंब झाले, आणि थेंबही बंद. खालून फुंकर मारली, थर सुरीने कापला, परत ढवळलं, परत बसू दिलं, सगळं करून शेवटी चाळणीने गाळलं. अडीच तास गेले. ओटा, फरशी, माझे पाय, सगळं चिकट. आणि मिळालं काय तर १.०५६. दोन पॉइंट!

नंतर विचार केला तर यात आश्चर्य काहीच नव्हतं. मॉल्टच्या लॅब रिपोर्टवर बारीक भरड आणि जाड भरड असे एक्स्ट्रॅक्टचे दोन आकडे असतात, आणि हल्लीच्या चांगल्या मॉल्टमध्ये दोघांत फरक असतो जेमतेम एक ते दोन टक्के. म्हणजे अख्खे दाणे फोडण्यात खरी कमाई आहे, फोडलेल्याचं पीठ करण्यात नाही. हा आकडा बॅचच्या कागदावर बहुतेकदा छापलेला असतो आणि मी तो कागद इतकी वर्षं पिशवीबरोबर फेकून देत होतो.

बारीक भरडल्याने बिअर तुरट होते असंही ऐकायला मिळतं. टरफलाचा भुगा झाला की तुरटपणाला वाव मिळतो हे खरं, पण तो उतरतो मुख्यतः स्पार्जचं पाणी फार गरम, म्हणजे ७७ अंशांच्या बरंच वर, आणि मॅशचा पीएच ६ च्या आसपास गेला तर. पीएच ५.२ ते ५.६ मध्ये ठेवला तर नुसत्या बारीक भरडीने माझी तरी बिअर कधी तुरट झाली नाही, त्या गव्हाच्या प्रकरणातली पण नाही. चवीला मस्त होती खरं तर, पण परत करणार नाही.

मग ०.८ वर जायचं आणि टरफलं पण वाचवायची यासाठी एक युक्ती सापडली आणि तिच्यामुळे मिलचा एक स्टार वाढला म्हटलं तरी चालेल. भरडायच्या आधी मॉल्टवर पाणी फवारायचं. खूप नाही, वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे ५ किलोला १०० मिली. थोडं फवारा, हाताने वरखाली करा, परत थोडं फवारा, मग दहा मिनिटं तसंच राहू द्या. टरफल ते पाणी पिऊन चामड्यासारखं चिवट होतं आणि आतला गाभा कोरडाच राहतो. मूठभर उचलून दाबलं की कुरकुर आवाज न येता नरम लागलं पाहिजे, पण हाताला ओल चिकटता कामा नये. मग भरडा आणि फरक बघा, टरफलं अख्खीच्या अख्खी, आतून रिकामी. भरडीचा ढीगच मोठा दिसतो, बादली आधी भरते. त्यामुळे थर मोकळा राहतो आणि वॉर्ट सरसर उतरतो. जास्त पाणी मारलंत तर मात्र रोलरच्या खाचांत लगदा बसतो आणि तो टूथब्रशने कोरत बसावा लागतो, विचारू नका कसं माहीत.

पण फवारलेलं पाणी वेगळं आणि हवेतली ओल वेगळी हां. पिशवी उघडी राहून मॉल्ट सादळलं असेल तर गाभाच मऊ पडतो, मग दाणा फुटायच्या ऐवजी चपटा होऊन खाली येतो. चांगलं मॉल्ट दाताखाली कटकन मोडायला हवं.

हाताने ५ किलो भरडायला मला पंधरा वीस मिनिटं लागतात, हौस असेपर्यंत ठीक आहे. हँडल काढून ड्रिल लावता येतं, पण ड्रिल हळू फिरणारं आणि जोरदार हवं. मिनिटाला १५० ते २०० फेऱ्या पुरेत. मी सुरुवातीला भन्नाट वेगात फिरवलं, काम तीन मिनिटांत झालं आणि ताटात बघतो तर टरफलांच्या चिंध्या. गॅप तोच, नुसत्या वेगाने भरड बदलली. हॉपर भरून मग ड्रिल चालू करू नका, आधी फिरवायला लागा मग दाणे सोडा, नाहीतर मनगटाला असा झटका बसतो की बास.

आता दुसरी तक्रार, ही छोटी आहे पण चिडचिड करणारी. दोनपैकी एकच रोलर हँडलने फिरतो, दुसरा त्याच्या जोडीने, दाण्यांच्या घासण्याने फिरतो. बुशात (रोलरचा दांडा ज्या कडीत फिरतो ती) धूळ बसली की हा दुसरा रोलर संप करतो. पहिला आपला गरगर फिरतोय आणि दाणे वर बसून मजा बघतायत. उपाय सोपा आहे, दर तीन चार ब्रूनंतर ब्रशने धूळ झटकायची आणि बुशाला खायच्या ग्रेडच्या तेलाचा एक थेंब. पण हे कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा मिल खराब झाली समजून पूर्ण उघडली होती आणि परत जोडताना गॅप सगळा बदलला. नॉब पण भरडताना थरथरून हळूहळू सैल पडतात, सुरुवातीला ०.८५ आणि शेवटी ०.९५ असंही झालंय. आता मार्करने नॉबपासून बॉडीपर्यंत एक रेघ मारून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली की थांबायचं आणि मोजायचं.

वर म्हटलेला तो मित्र बॅगेत मॅश करतो, म्हणजे सगळं धान्य कापडी पिशवीत, मॅश झाला की पिशवी उचलायची. त्याला टरफलांच्या थराची गरजच नाही, कापडच गाळणी. तो माझ्याच मिलवर ०.६५ करून नेतो आणि त्याची एफिशियन्सी माझ्यापेक्षा जास्त, हे तो मला दर वेळी आठवणीने सांगतो. त्यामुळे कोणी अमुक गॅप बेस्ट म्हणून सांगितलं तर आधी विचारा गाळतोस कशात. गहू आणि राय यांचे दाणे बारीक आणि टणक, बार्लीच्या सेटिंगवर निम्मे तसेच निसटतात, ते वेगळे काढून पाऊणच्या आसपास भरडायचे आणि मॅशमध्ये भाताचा तूस मिसळायचा. सगळं एकत्र टाकून एकाच गॅपवर भरडायचा आळस मी केलाय, दोन्हीकडचं नुकसान होतं.

तीन रोलरच्या मिलमध्ये दाणा आधी फुटतो आणि मग भरडला जातो, त्या बऱ्या असतात, टरफल जास्त वाचतं. दोन रोलरवर तेच करायचं असेल तर एकदा १.२ वर काढा आणि मग ०.८ वर. मी दोनदा केलं आणि कंटाळलो.

बाकी किरकोळ. भरडायचं काम फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) असलेल्या खोलीत करू नका, दाण्याच्या टरफलावर बिअर आंबट करणारे बॅक्टेरिया असतात आणि ती धूळ सगळीकडे बसते. मास्क लावा. धूळ पेट घेणारी असते, शेजारी गॅस चालू ठेवून भरडू नका.

घ्यावी का? महिन्याला एखादा ब्रू करत असाल आणि भरडलेलं मॉल्ट एकसारखं मिळत असेल तर गरज नाही. खरं सांगतो, ६१ टक्क्यांवर पण ७२ वाल्याएवढीच बिअर करता येते, ५ किलोच्या जागी ५.९ किलो मॉल्ट टाका, विषय संपला. आकडा कमी असण्याचा त्रास नव्हताच मला, आज ६१ उद्या ६८ याचा होता, कारण मग रेसिपी लिहिण्यात अर्थच उरत नाही, कडूपणाचा हिशोबही सगळा हलतो. गेल्या आठ ब्रूत माझा आकडा ७१ ते ७३ च्या बाहेर गेलेला नाही. अख्खं मॉल्ट कोरड्या बंद डब्यात कितीतरी महिने टिकतं, भरडलेलं काही आठवडेच, त्यामुळे मोठी पोती आणायची सोय झाली ती वेगळी.

कंपनीला मेल केला होता नॉबच्या आकड्यांबद्दल. उत्तर आलं की आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. फीलर गेज आता सुतळीने हॉपरलाच बांधून ठेवलंय.